सभा नसलेला सभासद

इथे वाडी रत्नागिरीत, जोतिबाच्या पायाशी, 'टाइमशेअर' या विषयावर बोलतो म्हटल्यावर संयोजक जरा गप्पच झाले. मग म्हणाले, "सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान, गाव देवाचं, आणि बोलणार रिसॉर्टवर?" मी म्हटलं, रिसॉर्ट हे निमित्त आहे. खरा विषय पाळीचा आहे. आणि पाळी म्हणजे काय हे या डोंगरावरच्या आणि डोंगराखालच्या माणसांना मी काय सांगायचं?

खाली बघा. एका बाजूला पंचगंगेचं खोरं, दुसऱ्या बाजूला वारणेचं. सगळा ऊस. नदीवरून पाणी उचलून आणणाऱ्या पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत. तिथे मोटर एक, पाइपलाइन एक, आणि शेतकरी शेकडो. म्हणून पाण्याची पाळी असते. मंगळवारी रात्री तुमचं पाणी, बुधवारी सकाळी माझं. देवळातही तेच. देव एक, पुजारी घराणी अनेक, म्हणून पूजेच्या पाळ्या. अशी पाळी ही वारसाने मिळणारी मालमत्ता आहे, असं आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून मानलं आहे. म्हणजे वस्तू कापून वाटता येत नसेल तर तिचा वेळ कापून वाटायचा, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

टाइमशेअर म्हणजे हीच युक्ती, फक्त सुट्टीच्या खोलीला लावलेली. महाबळेश्वरला किंवा गोव्यात स्वतःचा बंगला परवडत नाही. मग एका खोलीची वर्षातली ५२ आठवड्यांची मालकी वाटून टाका. दोन आठवडे दुरुस्तीला ठेवा, राहिलेले ५० आठवडे ५० कुटुंबांना विका. युरोपात १९६०च्या दशकात ही कल्पना रुजली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी निघाली, तिच्यात तर सुट्टीला जाणारा माणूसच कंपनीचा भागधारक असतो. पुढे अमेरिकेत हा धंदा फोफावला. आपल्याकडे १९८६ मध्ये स्टर्लिंग आली, १९९६ मध्ये महिंद्रा हॉलिडेज आली, आणि मध्यमवर्गाच्या बोलण्यात 'आमचा टाइमशेअर आहे' हे वाक्य आलं.

आता मी एक साधा प्रश्न विचारतो. आजच्या व्याख्यानात तो एकच प्रश्न लक्षात ठेवलात तरी पुष्कळ झालं. छप्पर कुणाच्या आठवड्यात गळतं?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खोली माझी आहे. पाऊस आला, छप्पर गळलं. गळती माझ्या आठवड्यात झाली म्हणून दुरुस्ती मी करायची का? मी म्हणेन, छप्पर सगळ्यांचं आहे. बरोबर. पण डिसेंबरवाला म्हणेल, मी जातो तेव्हा पाऊसच नसतो. तोही त्याच्या जागी बरोबर. वेळ वाटता आला, छप्पर वाटता येत नाही. गच्ची, विहीर, जिना, पाण्याची टाकी, माळ्याचा पगार, हे सगळ्या आठवड्यांचं मिळून आहे. अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये सांगून ठेवलंय की जे पुष्कळांचं सामाईक असतं त्याची काळजी सगळ्यांत कमी घेतली जाते. तेवीसशे वर्षं झाली, गच्ची अजून गळतेच आहे. (हशा)

मग यावर उपाय काय? कुणीतरी व्यवस्थापक नेमायचा. तो दरवर्षी सगळ्यांकडून देखभाल शुल्क गोळा करेल आणि छप्पर बघेल. इथून भांडण सुरू होतं. कारण आता प्रश्न पडतो की व्यवस्थापकावर कोण बघणार? शुल्क किती, ते कोण ठरवणार? काम ज्या ठेकेदाराला दिलं, तो कुणाचा कोण?

जगभरात याची दोन ढोबळ उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर अमेरिकेतलं. तिथे पुष्कळ ठिकाणी आठवडा घेणारा माणूस त्या मालमत्तेचा खरोखरच अंशतः मालक होतो, खरेदीखत होतं. या मालकांचा संघ असतो, संघाचं संचालक मंडळ असतं, आणि त्या मंडळाची निवडणूक होते. मंडळाने व्यवस्थापन कंपनी नेमायची, पटलं नाही तर बदलायची. कागदावर अगदी लोकशाही. पण प्रत्यक्षात काय होतं, ते हिशेबाने बघू. आकडे समजण्यापुरते घेतोय. शंभर खोल्या, प्रत्येकी ५० आठवडे, म्हणजे ५,००० मतं. त्यातले १,५०० आठवडे विकलेच गेले नाहीत. ते कुणाकडे? बांधणाऱ्या कंपनीकडे. म्हणजे १,५०० मतं तिच्या खिशात. बाकीचे ३,५०० मालक देशभर विखुरलेले. ते एकमेकांना ओळखत नाहीत, कारण ते एकाच खोलीत राहतात खरे, पण वेगवेगळ्या आठवड्यांत! शेजारी कधी भेटतच नाही. सभेला ४०० आले, आणखी ३०० जणांनी प्रॉक्सी पाठवली, त्यातल्या निम्म्या पुन्हा कंपनीच्याच माणसाच्या नावावर. संपली निवडणूक.

आणि मालक येत नाहीत ते आळशी असतात म्हणून नव्हे. छपराचं काम पन्नास लाखांचं. माझ्या वाट्याला हजार रुपये. समजा त्यात गैरव्यवहार झाला आणि निम्मे पैसे खाल्ले, तर माझे गेले पाचशे. ते पाचशे वाचवायला मी चार हजारांचं तिकीट काढून सभेला जाऊ? मॅन्कर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली हेच मांडलं. फायदा सगळ्यांत पसरलेला आणि कष्ट एकट्याचे असतील, तर शहाणा माणूस घरी बसतो. सगळेच शहाणे असले की पंचवीस लाख जातात.

दुसरं उत्तर आपल्याकडचं. आपल्याकडे बहुतेक टाइमशेअर हा मालकीहक्क नसतोच. तो करार असतो. पंचवीस वर्षं, दरवर्षी इतके दिवस, अमुक हंगामात, कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा. इमारत कंपनीची, जमीन कंपनीची, शुल्क ठरवण्याचा अधिकार कंपनीचा. म्हणजे आपल्याकडे निवडणुकीचं भांडण नाही. कारण निवडणूकच नाही!

हे मला कधी कळलं ते सांगतो, कारण त्यात माझीच फजिती आहे. निवृत्तीनंतर हातात चार पैसे आले होते. एका मॉलमध्ये 'लकी ड्रॉ' लागला, जेवणाचं कूपन मिळालं, आणि अडीच तासांनी मी पंचवीस वर्षांच्या करारावर सही करून बाहेर आलो. ज्या माणसाने तीस वर्षं वर्गात रूसोचा सामाजिक करार शिकवला, त्याने स्वतःचा करार वाचला नाही! पहिली काही वर्षं छान गेली. मग वार्षिक शुल्क वाढत गेलं, आणि हव्या त्या तारखांना 'उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. मी चौकशी केली की सभा कधी असते, मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. फोनवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, सभा भागधारकांची असते. तुम्ही मेंबर आहात."

त्या रात्री मी 'सभासद' या शब्दावर विचार करत बसलो. शब्दाची फोड करा. सद् म्हणजे बसणे. सभेत बसतो तो सभासद. आम्हाला येणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'प्रिय सभासद' असं छापलेलं असायचं. पण बसायला सभाच नव्हती. मी ग्राहक होतो, आणि मला सभासद म्हणून हाक मारली जात होती. यात गोड बोलण्यापलीकडचं काहीतरी आहे. ग्राहक पैसे देताना पावती मागतो, शंका घेतो. सभासद आपल्याच घरचा असतो, तो कशाला शंका घेईल?

आता कोल्हापूरकर म्हणतील, सर, मग आमची सहकारी पद्धत बरी. एका अर्थी खरंच बरी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातलं कलम २७ काढून वाचा. मूळ तत्त्व असं की एका सभासदाला एकच मत, आणि ते स्वतः येऊन द्यायचं, प्रॉक्सी चालत नाही. शेअर दहा असोत की हजार. अमेरिकेतली ती दीड हजार मतांची थैली इथे कायद्यानेच बंद केली आहे. कलम ३२ मध्ये संस्थेची ठरावीक कागदपत्रं बघण्याचा सभासदाचा हक्क आहे. २०१३च्या दुरुस्तीनंतर निवडणुका घेण्यासाठी वेगळं राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं, म्हणजे ज्यांची निवडणूक त्यांनीच ती घ्यायची, हेही पुष्कळ ठिकाणी थांबलं.

पण आपण आपल्याच डोळ्यांनी काय बघतो? मोठ्या संस्थेची वार्षिक सभा. मांडव भरलेला. अध्यक्षांनी विषय वाचायला सुरुवात केली की पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर', मागून 'नामंजूर, नामंजूर', आणि वीस मिनिटांत राष्ट्रगीत! ताळेबंदावर एक प्रश्न नाही. सभासदांच्या यादीत वारलेली माणसं, आणि बापाच्या जागी मुलाचं नाव लागायला दहा वर्षं. तेव्हा मत असलं की काम झालं, असंही समजू नका. टाइमशेअरवाल्याला सभा नाही म्हणून तो गप्प. आपल्याला सभा आहे, आणि आपण ओरडून गप्प!

मग चालतं कुठे? पुन्हा पाण्याकडे जाऊ. धुळे-नाशिक भागात पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधाऱ्याचं पाणी, त्याखालच्या जमिनीचे फड, आणि पाळी ठरलेली. पाणी सोडायला शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी. चारी साफ करायला सगळ्यांनी यायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला, पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: नियम ज्यांना लागू होतात ते नियम बदलण्यात सहभागी असावेत, देखरेख करणारा त्यांनाच जबाबदार असावा, आणि तंटा मिटवायला जवळची, स्वस्त जागा असावी.

मी त्यात माझी एक गोष्ट जोडतो. या पाळीवाल्यांना एकमेकांचे चेहरे माहीत असतात. माझी पाळी संपल्यावर चारीची फळी कुणाच्या शेताकडे वळवायची, हे मला ठाऊक असतं. चैत्र यात्रेत इथे सासनकाठ्या येतात, त्यात पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. हा मान विकत मिळत नाही. आणि तो नुसता हक्क नाही. उन्हातान्हातून काठी नाचवत इथपर्यंत आणण्याचे कष्ट त्या मानातच धरलेले आहेत. टाइमशेअरने पाळीतला हक्क तेवढा उचलला, कर्तव्य व्यवस्थापकाकडे दिलं, आणि शेजारी तर पुसूनच टाकला. भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता व्यवहाराचं बोलतो. उद्या कुणी तुम्हाला कूपन दिलं, तर सहीच्या आधी चार गोष्टी विचारा. एक, मी काय विकत घेतोय? जागेतला हिस्सा, कंपनीचा भाग, की नुसता राहण्याचा करार? दोन, वार्षिक शुल्क कोण ठरवतं, आणि वाढीला वरची मर्यादा करारात लिहिली आहे का? तीन, मला मत आहे का, आणि इतर सभासदांची यादी मिळते का? चार, बाहेर कसं पडायचं, आणि मी गेल्यावर मुलांवर काय येतं? युरोपीय संघात २००८च्या निर्देशानुसार अशा करारातून चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरचा वेगळा कायदा नाही. त्यामुळे करारात जे लिहिलंय तेच तुमचं शास्त्र.

सही आधीच झाली असेल तर? मग आपण ग्राहक आहोत हे आधी मान्य करा, त्यात कमीपणा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्यायकारक करार' ही कल्पना आली. ज्याने ग्राहकाच्या हक्कांवर मोठा, एकतर्फी परिणाम होतो, अशा अटी राज्य आयोग रद्दबातल ठरवू शकतो. सेवेतली त्रुटी असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना परवानगी घेऊन एकत्र दाद मागता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती चुकवू नका.

*व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं : "सर, तुमच्या सदस्यत्वाचं शेवटी काय झालं?"*

चालू आहे अजून. (हशा) पण एक गोष्ट केली. पुढच्या खेपेला रिसॉर्टवर गेलो तेव्हा सकाळी नाश्त्याच्या वेळी एक साधी वही घेऊन टेबलाटेबलाशी गेलो. म्हटलं, मी अमुक, तुम्हीही मेंबर का? शुल्क किती भरता? चार दिवसांत तेवीस नावं आणि फोन नंबर झाले. कुणी नागपूरचे, कुणी बेळगावचे. एकाच पलंगावर वर्षानुवर्षं झोपत आलेली माणसं, पहिल्यांदा भेटत होती. आम्ही तेवीस जणांनी मिळून एक पत्र लिहिलं की शुल्काचा खर्चवार तपशील द्या. मी एकट्याने पाठवलेल्या तीन पत्रांना उत्तर नव्हतं. या पत्राला महिन्याभरात आलं, तपशिलासकट. शुल्क कमी झालं का? नाही झालं. पण पुढच्या वर्षी वाढ करताना कारण लिहून आलं, आणि ते कारण बरोबर आहे का हे तपासायला आम्ही आता तेवीस जण आहोत. वही माझ्याकडेच आहे. तुमच्यापैकी कुणी त्यातले असाल, तर जाताना नाव लिहून जा.