चिप्सचा रंग कोठारात ठरतो

सौदी अरेबिया म्हटलं की बटाट्याचं शेत काही डोळ्यासमोर येत नाही. पण हाइल, अल-कसीम, तबूक या भागांवरून विमान गेलं की खाली वाळूत हिरवी वर्तुळं दिसतात. गोल फिरणाऱ्या लांबलचक फवारा-यंत्रांखालची ही शेतं. त्यांत चारा, गहू आणि बटाटाही पिकतो. पाणी जमिनीच्या खूप खालचं, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं. एकदा उपसलं की ते जवळजवळ भरून येत नाही. त्यामुळे इथे साठवणीत बटाटा फुकट गेला, तर त्याच्यासोबत ते पाणीही गेलं.

आता अडचण बघा. चिप्सचा कारखाना वर्षभर चालतो, पीक मात्र हंगामात येतं. मग बटाटा थंडीत ठेवायचा, एवढं सोपं नाही का? नाही!

काढलेला बटाटा जिवंतच असतो. दोन-चार अंश सेल्सिअसला ठेवला तर त्याला कोंब येत नाहीत, पण त्याच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. हर्मन म्युलर-थुर्गाऊ या स्विस शास्त्रज्ञाने १८८२मध्येच याचा अभ्यास केला होता. आधी सुक्रोज तयार होतं, मग इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम ते तोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. गरम तेलात या दोन साखरा अमिनो आम्लांशी जुळतात आणि चिप्स तपकिरी, कडवट होतात. त्यातूनच अॅक्रिलामाइडही तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असतं, हे २००२मध्ये स्वीडनमधून जाहीर झालं आणि कारखान्यांना रंगाकडे नुसती चव म्हणून बघून चालेना.

म्हणून चिप्सचा बटाटा साधारण ८ ते १२ अंशांना ठेवतात. तिथे साखर कमी, पण कोंब येतात. ते रोखायला क्लोरप्रोफाम वापरायचे. युरोपियन युनियनमध्ये २०२०पासून ते बंद झालं. थोडक्यात, थंड ठेवा तर साखर, उबदार ठेवा तर कोंब.

यातून वाट काढायची तर जातच वेगळी हवी. साखर कमी, शिवाय शुष्क भाग २० टक्क्यांच्या वर. पाणी जास्त असेल तर चिप्स तेल पितात. भारतात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८मध्ये 'कुफरी चिप्सोना-१' आणि 'चिप्सोना-२' आणल्या. पुढे फ्रेंच फ्राइजसाठी 'कुफरी फ्रायसोना' आली. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव. तिथे बटाट्याला नीट फुलं येतात, म्हणून संकर तिथे करतात.

हे काम वेळखाऊ का? कारण बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात. संकराचं प्रत्येक बी वेगळं निघतं. हजारो रोपं लावायची, बटाटे काही महिने कोठारात ठेवायचे, मग काप तळून रंग बघायचा. एका जातीला दहाएक वर्षं सहज जातात. २०१०मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी इन्व्हर्टेजचं जनुक दाबून दाखवलं, की थंडीत ठेवलेल्या बटाट्याचेही चिप्स फिकट राहतात. त्यामुळे नेमकं काय शोधायचं, ते आता माहीत आहे.

सौदीत याचं मोल जास्त. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना कोठार गार ठेवायला वीज लागते, आणि आत सडलं तर पाणी वाया. जास्त दिवस टिकणारी जात म्हणजे तेवढ्याच चिप्ससाठी कमी उपसा.

आपल्या घरी वाळवणाच्या वेफर्सचे काप पाण्यात टाकून, उकळून घेतात, आठवतंय? त्या पाण्यात बरीच साखर निघून जाते, म्हणून वेफर्स पांढरे राहतात. तेव्हा फ्रिजमधले बटाटे लगेच तळू नका. दोन आठवडे बाहेर अंधारात ठेवा, साखर बरीच उतरते. आणि हो, युरोपात पिशवीवर बऱ्याचदा जातीचं नाव छापतात. तुमच्याकडे कोणतं दिसतं, ते आम्हाला नक्की कळवा.