क्वेरी मंद का होते?

संकेतस्थळ रेंगाळले की दोष बहुधा इंटरनेटला किंवा सर्व्हरला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण क्वेरीत (माहितीसाठ्याला विचारलेल्या प्रश्नात) असते. उदाहरणार्थ, मुरुडच्या जमिनीचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावाने शोधता येतो. अशा कोणत्याही साठ्यात शोधाच्या रकान्यावर इंडेक्स (क्रमवार सूची) नसेल, तर एकेक नोंद तपासावी लागते. जाडजूड ग्रंथात शेवटची सूची नसताना एखादे नाव शोधावे, तसेच. नावाच्या पहिल्या अक्षरांनी शोधल्यास इंडेक्स कामी येतो. मधल्या अक्षरांनी शोधल्यास साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. मात्र प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावणेही चूक, कारण नवी नोंद होताना ते सर्व अद्ययावत करावे लागतात. म्हणून आधी ‘एक्सप्लेन’ आज्ञेने क्वेरीचा मार्ग तपासावा. सर्व्हर वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा.