कात टाकल्यानंतर टॅरँटुलाची काळजी

टॅरँटुला हा मोठा, केसाळ कोळी अनेक देशांत पाळला जातो. कात टाकल्यानंतरचे दिवस त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचे असतात. या दिवसांत पाळणाऱ्याने काय करावे आणि का, हे या पाठात आपण पाहू. उदाहरण म्हणून मेक्सिकोच्या पॅसिफिक किनारपट्टीकडचा, तांबड्या गुडघ्यांचा ब्राकिपेल्मा हॅमोरी घेऊ. हा जमिनीवर राहणारा कोळी आहे. या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे. कागदपत्रांशिवाय तो घेऊ नये.

१. शरीरात काय घडते?

कोळ्याला हाडे नसतात. कायटिन आणि प्रथिने यांचे बाह्यकवच हाच त्याचा सांगाडा. हे कवच शरीराबरोबर वाढत नाही, म्हणून कोळी बहुधा उताणा पडून ते टाकून देतो. (उताणा कोळी मेला असे समजून त्याला सरळ करू नका.) कवचाबरोबर विषदंतांचे आवरण आणि अन्नमार्गाच्या पुढच्या भागाचे अस्तरही निघते.

खालचे नवे कवच मऊ असते. त्यातील प्रथिनांच्या साखळ्या हळूहळू एकमेकींशी जोडल्या जातात आणि ते कडक होते. स्लॅब टाकल्यावर आपण सेंट्रिंग लगेच काढत नाही. इथेही आकार आधी येतो, ताकद मागून येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कोळ्याच्या पायांतील काही मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायू नसतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने लांब होतो, तसा कोळ्याचा पाय शरीरातील द्रवाच्या दाबाने लांब होतो. मऊ कवचाला चीर गेली की द्रव वाहून जातो आणि दाबही घटतो. मग कोळ्याला चालता येत नाही. जीवही जाऊ शकतो.

२. काय करावे?

• भक्ष्य काढा : पेटीत जिवंत रातकिडा किंवा झुरळ राहिले असेल तर बाहेर काढा. ते मऊ कोळ्याला चावून जखमी करू शकते.
• पाणी ठेवा : उथळ भांडे भरलेले असावे. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नका.
• हात लावू नका : पेटी हलवू नका. थोड्या उंचीवरून पडूनही पोट फुटू शकते.
• कात सावकाश काढा : कोळी दूर सरकल्यावर लांब चिमट्याने उचला. तिच्यावरचे केस त्वचेला व डोळ्यांना त्रास देतात.

३. अन्न कधी द्यावे?

विषदंतांचा रंग पाहा. सुरुवातीला ते पांढरे असतात, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. काळे झाल्यावरही थोडे थांबा. अगदी लहान पिल्लांना काही दिवस, मध्यम वाढीच्या कोळ्यांना साधारण एक आठवडा आणि मोठ्यांना दोन आठवडे किंवा अधिक लागतात. पहिले भक्ष्य लहान द्या.

या काळात पोट बारीक दिसते आणि कोळी बराच वेळ निश्चल बसतो. पोट बारीक दिसले की त्याला खाऊ घालावेसे वाटते. मात्र टॅरँटुला अन्नाशिवाय दीर्घकाळ राहू शकतो. घाईने दिलेला घास त्याला जास्त धोक्याचा.

स्वाध्याय

१) कवचाला चीर गेल्यास कोळ्याचे चालणे का थांबते?
२) विषदंतांच्या रंगावरून अन्न देण्याची वेळ कशी ठरवाल?