वाढत्या कवटीला ठिगळ

तान्ह्या बाळाची टाळू भरताना आजीच्या बोटांना जे मऊ लागते, ती कवटीच्या हाडांमधली मोकळी जागा असते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. पण हाडे तेव्हाही पक्की सांधलेली नसतात. शिवणींच्या कडांवर नवे हाड तयार होत राहते आणि मेंदू वाढेल तशी कवटी वाढते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदू प्रौढाच्या सुमारे 90 टक्के होतो.

अशा वाढत्या कवटीचा मोठा तुकडाच काढावा लागला तर? डोक्याला जबर मार बसला की मेंदू सुजतो. पाय सुजला तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही. आतला दाब वाढून मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. अशा वेळी कवटीचा तुकडा काढून सुजेला जागा करून देतात. जीव वाचतो, पण तेथे मेंदूवर उरते ते फक्त आवरण आणि कातडी. मूल तर धावणार, पडणार.

काढलेले हाड अतिशीत पेटीत किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि सूज उतरल्यावर परत बसवतात. स्वतःचे हाड केव्हाही चांगले. मात्र मुलांमध्ये असे हाड विरून जाण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. मोठ्या माणसाच्या कवटीत दोन कठीण थर आणि मध्ये सच्छिद्र थर असतो. ती दुसरीकडून उभी चिरून एका हाडाची दोन करता येतात. लहान मुलात हा मधला थर नीट तयार झालेला नसतो. म्हणजे तो मार्गही अवघड.

पुण्याच्या भारती रुग्णालयात 2018 मध्ये चार वर्षांच्या एका अपघातग्रस्त मुलीच्या कवटीचा सुमारे 60 टक्के भाग कृत्रिम बसवण्यात आला. पॉलिएथिलीनचा हा भाग तिच्याच मापाने अमेरिकेतील कंपनीकडून बनवून घेतला होता. वृत्तपत्रांनी ‘देशातील पहिली’ असे म्हटले. अशा पहिलेपणाची शहानिशा कठीण असते, माप कसे घेतात हे समजून घेणे अधिक उपयोगाचे.

सी. टी. स्कॅनमध्ये डोक्याच्या जणू काकडीसारख्या चकत्यांची चित्रे मिळतात. संगणक ती एकावर एक रचून कवटीची आकृती उभी करतो. भोक एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचे आरशातले प्रतिबिंब त्यावर बसवतात. (फुटके मडके आणि ओली माती घेऊन वर्गात हे करून पाहावे.) भोक दोन्ही बाजूंना पसरले असेल, तर त्याच वयाच्या मुलांच्या कवट्यांची मापे आधाराला घ्यावी लागतात. मग छपाईयंत्र पदार्थाचे थर भाकरीच्या चवडीसारखे चढवत तुकडा घडवते. काही वेळा तुकडा न छापता त्याचा साचाच छापतात. सच्छिद्र पॉलिएथिलीनच्या छिद्रांत शरीरातील ऊती शिरतात आणि तुकडा धरून ठेवतात.

पण ठिगळ वाढत नाही. कवटी वाढत राहिली की कडेला फट पडू शकते, स्क्रू सैल होऊ शकतात. म्हणून फार लहान मुलात कधी थोडे थांबतात. वर्षा-दीड वर्षाच्या आतील मुलात मेंदूचे आवरण स्वतःच नवे हाड तयार करू शकते. थांबायचे तर तोवर डोके जपायचे, आणि हे जपणे घरच्यांच्या व शाळेच्या वाट्याला येते.

आणे पठारावरच्या मुलाला तपासणीसाठी पुणे शंभरेक किलोमीटर पडते. डोक्याला हाड नसलेले मूल वर्गात आले, तर डॉक्टरांनी सांगितले असल्यास त्याच्या डोक्यावर संरक्षक टोपी राहू द्यावी, कबड्डीत उतरवू नये. ठिगळ बसलेल्या मुलाच्या व्रणाजवळ लाली, सूज वा पाणी दिसले, किंवा ते डोके दुखते म्हणून ओकू लागले, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता पालकांना बोलावून घ्यावे.