बाळंतिणीचा सव्वा महिना आणि आशाताईच्या भेटी

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या जेऊरच्या वस्तीतही आहे. लेक माहेरी येते, पण तिचे नाव सासरच्या आशाताईच्या वहीतच राहते. इकडच्या आशाताईला बाळ जन्मल्याचे कळत नाही आणि बाळाच्या हक्काच्या भेटी चुकतात. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, लेक आली की त्याच आठवड्यात तिचे माता-बाल कार्ड इथल्या आशाताईला दाखवा.

बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. तिला पैसे द्यायचे नसतात. ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायांना हे काम शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ पासून देशभरच्या आशाताई हे काम करतात.

आता घरातले. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका, बाळाला रोगाशी लढायचे बळ त्यातूनच मिळते. मध, गुटी, साखरपाणी काही नको. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी पाजा. नाळेला तेल, हळद, राख लावू नका, ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. पहिला दिवस अंघोळ नको. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, ही ऊब शेगडीपेक्षा चांगली. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच ठेवू नका, तिच्या धुराने आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

बाळंतिणीला 'पाणी कमी पी, डाळ बाधेल' असे सांगणाऱ्या आजीबाई अजून आहेत. आजीची माया खरी, पण हे पथ्य चूक आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे, मटण, जे घरात शिजते ते तिला पोटभर द्या आणि तहानेला पाणी द्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू राहिल्या पाहिजेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाची बाजू घेतली होती. पण केळीच्या बागेत, उसात रोजाने जाणाऱ्या बाईला रजा द्यायला मालक कुठला? ती घरानेच द्यायची. धुणे-पाणी नवऱ्याने उचलले तर काही बिघडत नाही.

तासाभरात कापड भिजून जाईल असा रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटका किंवा एका पायाला सूज आणि दुखणे, यांतले काहीही दिसले तर बाळंतिणीला लगेच दवाखान्यात न्या. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, मलूल पडले, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे पडले किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. दृष्ट काढण्यात वेळ जातो आणि एवढ्या लहान जिवाकडे वेळ नसतो. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. जाताना कार्ड सोबत घ्या आणि बाळाला आईच्या छातीशीच धरून न्या.