शेतीची कागदपत्रे मोबाईलच्या 'क्लाऊड'मध्ये कशी जपावीत?

शेती व्यवसायात बियाणे, खते व पाणी यांइतकेच महत्त्व कागदपत्रांना आले आहे. पीक कर्ज, पीक विमा, ठिबकचे अनुदान, निर्यातीसाठी बागेची नोंदणी किंवा न उगवलेल्या बियाण्याची तक्रार, कोणत्याही कामासाठी गेल्यावर प्रथम कागद मागितला जातो. नेमका त्याच वेळी तो सापडत नाही. कधी तो उंदराने कुरतडलेला असतो, तर कधी पावसाने भिजलेला असतो. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगेला आलेल्या महापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, महाड परिसरातील पुरात घराघरांतील कागदांचा अक्षरशः लगदा झाला.

आता बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे आणि शेतकरी कागदांचे फोटोही काढून ठेवतात. परंतु हे फोटो फक्त फोनमध्ये असतील, तर फोन विहिरीत पडला किंवा बाजारात चोरीस गेला की फोटोही गेले. यावर 'क्लाऊड' साठवण हा सोपा उपाय आहे. तिचा वापर कसा करावा व कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड या शब्दाचा अर्थ ढग असा असला, तरी आपला कागद आभाळात जात नाही. तो इंटरनेटमार्फत कंपनीच्या मोठ्या संगणकांवर साठवला जातो. आपण सोयाबीन किंवा हरभरा वखारीत ठेवतो, तेव्हा माल वखारीत राहतो व पावती आपल्याकडे राहते. येथेही तसेच आहे. कागदाची प्रत कंपनीच्या संगणकावर राहते व ती उघडण्याची किल्ली, म्हणजे खाते आणि त्याचा पासवर्ड, आपल्याकडे राहते. फोन बदलला, हरवला किंवा फुटला तरी दुसऱ्या फोनवर तेच खाते उघडून कागद परत मिळवता येतो.

अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा 'गूगल ड्राइव्ह' हे ॲप आधीपासूनच असते. यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. मायक्रोसॉफ्टचे 'वनड्राइव्ह' व ॲपलचे 'आयक्लाऊड' यांत विनामूल्य जागा ५ जीबी असते. सर्वांची कार्यपद्धती साधारण सारखीच असल्याने येथे गूगल ड्राइव्हचे उदाहरण घेतले आहे.

प्रथम किल्ली आपल्या हाती घ्या

अनेक शेतकरी बंधूंनी नवा फोन घेतला, तेव्हा त्यातील खाते दुकानदाराने किंवा एखाद्या मुलाने घाईत उघडून दिलेले असते. त्याचा ई-मेल पत्ता व पासवर्ड मालकाला ठाऊक नसतो. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही, कारण खाते सतत उघडेच असते. फोन हरवल्यावर मात्र नव्या फोनवर पासवर्ड विचारला जातो आणि वखार भरलेली असूनही कुलूप उघडत नाही. म्हणून एकही कागद साठवण्यापूर्वी पुढील चार गोष्टी कराव्यात.

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल खात्यावर जाऊन आपला ई-मेल पत्ता पाहावा व वहीत लिहून घ्यावा. खाते दुसऱ्या कोणाच्या नावाचे असल्यास स्वतःचे नवीन खाते उघडावे.

२. पासवर्ड माहीत नसल्यास तो बदलून स्वतःचा ठेवावा. गावाचे नाव, जन्मतारीख किंवा मोबाईल क्रमांक हा पासवर्ड नसावा.

३. खाते परत मिळवण्यासाठी जो मोबाईल क्रमांक नोंदवला जातो, तो चालू असल्याची खात्री करावी. जुने सिमकार्ड बंद केले असल्यास क्रमांक त्वरित बदलावा. दुसरा ई-मेल पत्ता म्हणून घरातील विश्वासू व्यक्तीचा पत्ता द्यावा.

४. खात्याच्या सुरक्षा विभागात 'टू-स्टेप', म्हणजे दुहेरी पडताळणी सुरू करावी व तेथून दहा राखीव संकेतांक घ्यावेत. प्रत्येक संकेतांक एकदाच वापरता येतो. फोन व सिमकार्ड दोन्ही गेले, तर पासवर्डसोबत हेच संकेतांक उपयोगी पडतात. ते कागदावर उतरवून बँकेच्या पासबुकाजवळ ठेवावेत, फोनमध्ये ठेवू नयेत.

कोणते कागद साठवावेत?

सर्वच कागद साठवण्याची आवश्यकता नाही. पुढील बाबींना प्राधान्य द्यावे.

जमीन : सात-बारा, आठ-अ, फेरफार उतारे, खरेदीखत, मोजणीचा नकाशा.

कर्ज व अनुदान : पासबुकाचे पहिले पान, सोसायटीचा बेबाकी दाखला, विमा हप्त्याची पावती, शेतकरी ओळख क्रमांक, अनुदानाच्या अर्जाची पोच.

निविष्ठा : बियाणे, खते व कीडनाशकांची बिले. बियाण्याच्या बाबतीत पिशवीची दर्शनी बाजू, तिच्यावरील लेबल व लॉट क्रमांक स्पष्ट दिसेल असा फोटो घ्यावा. उगवणीची तक्रार करताना बिलावरील लॉट क्रमांक व पिशवीवरील लॉट क्रमांक एकच असणे महत्त्वाचे असते. फोटो घेतला तरी मूळ बिल, पिशवी व थोडे बियाणे जपून ठेवावे.

पीक नोंदी : माती व पाणी परीक्षण अहवाल, फवारणीची नोंदवही, काटापट्टी व आडतीची हिशेबपट्टी. द्राक्ष, डाळिंब यांसारख्या निर्यातक्षम पिकात औषधाचे नाव, मात्रा, फवारणीची तारीख व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी यांची नोंद आवश्यक असते. नोंदवहीच्या पानाचा फोटो दर आठवड्यास घेतल्यास वही गहाळ झाली तरी नोंद टिकते. जुना माती परीक्षण अहवाल हाताशी असेल तर सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, हेही ताडून पाहता येते.

येथे एक सूचना करावीशी वाटते. अलीकडे अनेक दुकानांत बिल गुळगुळीत, उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर मिळते. त्यावरील अक्षरे ऊन व उष्णता लागली की काही महिन्यांत पुसट होतात. खरिपात घेतलेले बिल रब्बीत कोरे दिसते. अशा बिलाचा फोटो दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावा.

साठवण्याची पद्धत

१. ड्राइव्ह ॲप उघडावे. उजव्या कोपऱ्यात खाली अधिकचे (+) चिन्ह दिसते. ते दाबून 'फोल्डर' निवडावे व वर दिलेल्या चार गटांचे चार फोल्डर तयार करावेत. फोल्डर म्हणजे कपाटातील कप्पा समजावा.

२. कागद सपाट जागी, भरपूर उजेडात ठेवावा. हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन 'स्कॅन' निवडावे. साध्या फोटोपेक्षा स्कॅन चांगले, कारण ॲप कागदाच्या कडा ओळखून प्रत सरळ करते व अनेक पानांची एकच पीडीएफ फाईल तयार होते.

३. फाईलला नाव देताना प्रथम वर्ष, नंतर महिना, दिवस व शेवटी विषय लिहावा. उदाहरणार्थ, '२०२५-०६-१२ सोयाबीन बियाणे बिल'. यामुळे फाईली नावाच्या क्रमाने लावल्या की तारखेनुसार लागतात व शोधणे सोपे जाते.

४. फाईल चढली की नाही याची खात्री करावी. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'फक्त वाय-फायवरच फाईल पाठवा' अशा अर्थाची सोय असते. ती चालू असल्यास मोबाईल डेटावर फाईल पुढे जात नाही, फोनमध्येच थांबून राहते. घरी वाय-फाय नसल्यास ही सोय बंद करावी.

५. महिन्यातून एकदा घरातील दुसऱ्या फोनवर आपले खाते उघडून कागद दिसतात का, हे पाहावे. तपासणी झाल्यावर त्या फोनवरून खाते काढून टाकावे.

तलाठी कार्यालयात किंवा शिवारात रेंज मिळेलच असे नाही. ज्या फाईली नेहमी लागतात, त्यांच्यासमोरील तीन टिंबे दाबून 'ऑफलाइन' सोय चालू केल्यास त्या इंटरनेटशिवायही उघडतात.

जागा किती लागते?

एका पानाची स्कॅन प्रत बहुधा एक एमबीपेक्षा कमी जागा घेते. फोनने काढलेला फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, तर एक मिनिटाची चित्रफीत ६० ते १३० एमबी जागा घेते. म्हणजे १५ जीबीमध्ये कागदांच्या हजारो प्रती मावतात, परंतु लग्नाच्या चित्रफितींनी ती जागा बघता बघता संपते. ही जागा ड्राइव्ह, जीमेल व गूगल फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोमध्ये चढणारे नवे फोटोही यात मोजले जातात. जागा पूर्ण भरल्यास नवीन फाईल चढत नाही व जीमेलवर पत्रेही येत नाहीत. त्यासाठी वर्षातून एकदा सफाई करावी.

कोणती दक्षता घ्यावी?

• ड्राइव्हमधून पुसलेली फाईल कचरापेटीत ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. तसेच गूगल फोटोमध्ये बॅकअप चालू असताना त्या ॲपमधून फोटो पुसल्यास तो फोन व क्लाऊड अशा दोन्ही ठिकाणांहून जातो. केवळ फोनची जागा मोकळी करायची असल्यास त्यासाठी दिलेली वेगळी सोय वापरावी.

• दुसऱ्यास कागद पाठवताना तेवढीच एक फाईल पाठवावी, पूर्ण फोल्डर देऊ नये. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय टाळावा, कारण ती लिंक पुढे ज्याच्या हाती पडेल त्याला कागद दिसतो. फक्त संबंधित व्यक्तीच्या ई-मेल पत्त्यावर, केवळ पाहण्यापुरती परवानगी द्यावी.

• एटीएमचा पिन व पासवर्ड क्लाऊडमध्ये लिहून ठेवू नयेत. आधारची प्रत द्यायची झाल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड' आधार वापरावे.

• ओटीपी कोणालाही सांगू नये.

• दोन वर्षे खाते अजिबात न वापरल्यास कंपनी ते बंद करून त्यातील सर्व मजकूर पुसू शकते. म्हणून खाते अधूनमधून उघडावे.

• घरातील कर्त्या व्यक्तीचे काही बरेवाईट झाल्यास वारस नोंदीसाठी हेच कागद लागतात. गूगल खात्यात 'निष्क्रिय खाते' या सोयीखाली विश्वासू व्यक्तीचे नाव देता येते. ठरवलेली मुदत संपल्यावर त्या व्यक्तीस खात्यातील मजकूर मिळतो.

प्रत म्हणजे मूळ कागद नव्हे

ड्राइव्हमधील सात-बाराचा फोटो माहितीसाठी उपयोगी आहे, परंतु तो अधिकृत उतारा ठरत नाही. कामासाठी महाभूमी संकेतस्थळावरील डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा घ्यावा व त्याची फाईल साठवावी. सन २०१५ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने थेट दिलेली कागदपत्रे कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः फोटो काढून तेथे चढवलेल्या प्रतीला मात्र हा दर्जा नाही. म्हणून खरेदीखतासारखे मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरातील उंच जागी ठेवावेत.

शेतकरी बंधु-भगिनींनो, हे सर्व काम एका दिवसात करण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी फक्त खात्याचा पत्ता, पासवर्ड व राखीव संकेतांक वहीत लिहा. नंतर जमिनीचे कागद आणि पुढे हंगामाप्रमाणे बिले व नोंदी चढवत जा. किल्ली आपल्या हाती असेल व दर आठवड्यास दहा मिनिटे दिली, तर पुढच्या हंगामात कार्यालयात कागद मागितला असता 'घरी शोधून आणतो' असे म्हणण्याची वेळ येणार नाही.