लेखांक ९ : क्लासच्या मालकीचे स्टॅटिक घटक

मागील लेखांकात क्लास हा आराखडा आणि त्यावरून मेमरीत उभे राहणारे ऑब्जेक्ट यांचे नाते पाहिले. प्रत्येक ऑब्जेक्टला आपल्या व्हेरिएबलची स्वतंत्र प्रत मिळते हे खरे. परंतु काही माहिती कोणत्याही एका ऑब्जेक्टची नसून साऱ्या क्लासची असते, आणि तिच्यासाठी जावा, सी प्लस प्लस, सी शार्प या भाषांत स्टॅटिक घटकांची सोय आहे.

बँकेच्या प्रणालीत ‘खाते’ नावाचा क्लास आहे असे समजू. खातेदाराचे नाव आणि शिल्लक ही ज्या त्या खात्याची. मात्र पुढच्या खात्याला कोणता क्रमांक द्यायचा हे सांगणारे व्हेरिएबल प्रत्येक खात्यात वेगळे ठेवले, तर प्रत्येक खाते स्वतःला पहिलेच समजेल. ते स्टॅटिक केले की त्याची एकच प्रत राहते, आणि कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारा कोड, तिच्यातला क्रमांक उचलून ती एकाने वाढवतो. स्टॅटिक मेथडला ऑब्जेक्ट लागतच नाही, म्हणून तिला कोणाची शिल्लकही थेट दिसत नाही. जावातील मेन मेथड परंपरेने स्टॅटिक असते ती याचमुळे, कारण प्रोग्राम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट जन्मलेला नसतो.

खरी अडचण एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर प्रवाह, चालू असताना येते. ‘एकाने वाढव’ ही आज्ञा एका ओळीची दिसली तरी तिच्यात वाचणे, मिळवणे आणि परत लिहिणे अशा तीन क्रिया असतात. दोन थ्रेडनी ४१ हा आकडा एकापाठोपाठ वाचला आणि दोघांनीही ४२ लिहिला, तर दोन खातेदारांना ४१ हाच क्रमांक मिळतो. यावर ऑब्जेक्टच्या साध्या मेथडला सिंक्रोनाइझ्ड करण्याचा, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप लावण्याचा, उपाय सुचतो, पण तो फसवा आहे, कारण असे कुलूप त्या त्या ऑब्जेक्टला लागते आणि सामाईक व्हेरिएबल उघडेच राहते. सिंक्रोनाइझ्ड मेथड स्टॅटिक असेल तर कुलूप क्लासला लागते. नाहीतर २००४ मधील जावा ५ पासून उपलब्ध असलेला ॲटॉमिक लाँग, म्हणजे या तिन्ही क्रिया एकसंधपणे करणारा क्लास, वापरावा.

एवढे करूनही ‘एकच प्रत’ म्हणजे नेमकी कोठे एकच, हा प्रश्न उरतो आणि पाठ्यपुस्तकी उदाहरणे बहुधा त्याला बगल देतात. ही प्रत चालू असलेल्या प्रोग्रामपुरती असते (जावात तर काटेकोरपणे पाहता एका क्लासलोडरपुरती, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या घटकापुरती). प्रोग्राम बंद झाला की ती संपते, आणि तोच प्रोग्राम दोन सर्व्हरवर चालत असेल तर प्रत्येकाची गणना निराळी होते. त्यामुळे प्रत्यक्षातील खातेक्रमांक डेटाबेसकडून घ्यावा लागतो, आणि स्टॅटिक व्हेरिएबलांत न बदलणारे स्थिरांक ठेवणे सर्वांत निर्धोक ठरते. पायची किंमत तेथे खुशाल असावी; किमान शिल्लक मात्र नियमांबरोबर बदलते, म्हणून ती तेथे कायमची कोरून ठेवणे बरे नव्हे.